खाचेवरचा शेंदूर

माझे सासरे पाटावरचे मापारी होते, पण त्यांना मापारी म्हटलेलं खपत नसे. पागेदार म्हणायचं. त्यांच्या वडलांनी बडोद्याच्या पागेत घोडा ठेवला होता. महाराजांनी राज्याची नवी घडी बसवली, जुन्या पागा मोडल्या, आणि घोड्यावरच्या या घराण्याला सरकारने पाटाच्या काठावर दोन खोल्या देऊन पाणी मोजायला बसवलं. घरात तलवार होती, तीही थोरल्या भावाने वाटणीत नेली. राहिल्या फक्त मिशा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ मी रोज सकाळ-संध्याकाळ वाढलेल्या ताटासमोर बसलेला पाहत असे.

मी त्या घरात आले तेव्हा सासूबाई वारल्या होत्या. चूल पेटवायला बाई हवी होती, म्हणून पागेदार समा गावाच्या बाजूच्या आमच्या मळ्यात उतरले. माझा बाप भाजी पिकवायचा. आमचेही पूर्वज फौजेतले, पण पायदळातले. पायदळ आणि घोडदळ यांत किती अंतर असतं ते मला लग्नानंतर कळलं. "भाजीवाल्याची पोर" हे नाव मला पहिल्याच आठवड्यात मिळालं. नवरा शहरात एका छापखान्यात होता. सुट्टीला यायचा, जेवायचा, बापाला हो म्हणायचा आणि परत जायचा. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं त्याने कधी काही केलं नाही.

पाणी मोजायचं म्हणजे काय ते सांगते. तळ्यातून निघालेला पाट आमच्या घराशेजारून हरणी गावाच्या अंगाने पुढे समाच्या मळ्यांकडे जायचा. घराच्या जरा वर पाटात एक आडवी भिंत घातलेली होती. भिंतीच्या मधोमध पितळी पत्रा बसवलेला आणि त्या पत्र्याला वर रुंद, खाली निमुळती अशी धारदार कडांची खाच कापलेली. पाणी भिंतीमागे तुंबायचं आणि खाचेतून पलीकडे पडायचं. भिंतीमागे खुणांची एक पट्टी रोवली होती. पाणी कुठल्या खुणेला टेकलंय यावरून खाचेतून किती पाणी जातंय ते ठरायचं. कचेरीतून हुकूम यायचा की अमुक खुणेवर पाणी ठेवा. मग सासरे वरच्या अंगाला पाट अडवणारं दार कमी-जास्त उचलून पाणी त्या खुणेवर आणायचे आणि ओट्यावर येऊन मिशा कुरवाळत बसायचे.

पण हे माप खरं राहायचं तर त्याची निगा ठेवावी लागते. भिंतीमागे गाळ साचतो, तो उपसावा लागतो. खाचेत काटक्या, पानं, मेलेले बेडूक अडकतात. पत्र्यावर शेवाळ धरतं. हे सगळं करायला सरकारने सासऱ्यांना नेमलं होतं आणि सासऱ्यांनी मला. "चिखलात उतरायला आमची कुळी नाही," असं ते म्हणायचे, म्हणजे माझी होती. मी कासोटा घालून कमरेइतक्या गाळात उभी राहायचे, घमेली भरून काठावर टाकायचे, आणि ते वरून "तो कोपरा राहिला, इकडचा राहिला" असं सांगायचे. माझ्या पायांना जळवा लागायच्या. त्या काढायला मीठ मागितलं की म्हणायचे, "रक्त आहे का मळेकऱ्यांत?"

महाराजांच्या सक्तीमुळे मी चार इयत्ता शिकले होते. बापाने शाळेत घातलं ते दंड बसू नये म्हणून, पण घातलं. त्यामुळे भिंतीजवळच्या फळीवर रंगवलेले नियम मला वाचता यायचे. त्यात एक होता: खाचेची धार स्वच्छ व कोरी ठेवावी. सासऱ्यांनाही वाचता यायचा. पण धार हा शब्द वाचला की त्यांच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे.

खंडेनवमीला शस्त्रं पुजायची ही आमच्या लोकांची रीत. ज्याच्या घरी तलवार नाही त्याने कोयता पुजावा, विळी पुजावी, कुणी नावं ठेवत नाही. पण पागेदारांनी विळी कशी पुजायची? विळी सोडून धार असलेली वस्तू कोणती, तर तो सरकारी पितळी पत्रा. तलवार गेली त्या वर्षी त्यांनी दार बंद केलं, पाणी उतरू दिलं आणि पत्र्याला हळद-कुंकू वाहून नारळ फोडला. इथवर ठीक होतं. पुढे त्यांना पत्रा जागृत वाटायला लागला. मग दर अमावास्येला गाळ उपसायला दार बंद केलं की ते खाचेला शेंदूर फासू लागले. आधी तिळाच्या तेलात कालवायचे, ते पाण्याने निघून जायचं. शहरातल्या एका रंगाऱ्याने जवसाचं तेल सांगितलं. ते वाळलं की दगडासारखं होतं. अमावास्येमागून अमावास्या गेली आणि खाचेच्या दोन्ही कडांवर शेंदराची साल चढत गेली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती धार कुठेच दिसत नव्हती. मारुतीच्या मूर्तीचे डोळे जसे शेंदरात बुजतात तशी ती बुजली होती.

खाच अरुंद झाली. अरुंद खाचेमागे थोडं पाणीही उंच तुंबतं. पट्टीवर पाणी हुकमाच्या खुणेला टेकायचं, सासरे दार तिथेच सोडायचे, आणि खाली मळ्यांना जायचं तितकं पाणी जायचंच नाही. कागदावर पूर, पाटात ओल. मी एकदा भीतभीत म्हटलं, "मामंजी, फळीवर धार कोरी ठेवायला लिहिलंय." त्यांनी हातातला तांब्या माझ्या अंगावर फेकला. "देवाला कोरा ठेवतात होय?" त्या दिवशी त्यांनी मला जेवू दिलं नाही, आणि स्वतः मी रांधलेलं दोन वेळा मागून घेऊन खाल्लं.

खाली माझ्या बापाचा मळा वाळायला लागला होता. खंडेराव मार्केटात त्याच्या वांग्यांना मान होता. आता ती वांगी लिंबाएवढी निघायला लागली. तो आमच्याकडे आला. मला बघायला नाही, पाणी बघायला. भिंतीवर उभा राहून म्हणाला, "व्याही, पाणी ओछं येतंय, फार कमी."

सासऱ्यांनी बोट पट्टीकडे केलं. "डोळे आहेत ना? खुणेला पाणी आहे की नाही?"

"इथे आहे. माझ्याकडे येत नाही."

"मग वाटेत चोर असेल. तुमच्या मळेकऱ्यांत चोरांना काय तोटा!"

बाप गेला तो रागाने लाल होऊन. जाताना माझ्या हातचं पाणीही प्यायला नाही. मला तेव्हा तिसरा महिना लागला होता, आणि ते त्याला सांगायचं म्हणून मी पदर सावरून दारात उभी होते. ते तसंच राहिलं.

त्या आठवड्यात खालच्या मळेकऱ्यांनी चोर शोधला. चोर नव्हताच, पण शोधलं की कुणीतरी सापडतंच. पाटाच्या वळणावर एक कुंभार राहायचा. माती भिजवायला तो पाटातून घागर भरून न्यायचा, त्याचा बापही न्यायचा. मळेकरी त्याच्या अंगणात शिरले. पुढे माझा बाप होता. भट्टीत घालायला वाळत ठेवलेली कच्ची मडकी त्यांनी पायांनी चिरडली. मी पाटावर धुणं धूत होते, तिथून सगळं दिसत होतं. कुंभार हात जोडून म्हणत होता, "बापा, एक घडो पाणी छे, एक घडो!" माझ्या बापाने शेवटचं मडकं उचललं, त्याच्या हातात दिलं आणि त्याच्याच हाताने फोडायला लावलं. हा माणूस मला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा. मला त्याची किळस आली, आणि लगेच वाटलं, असाच रागावून तो एकदा माझ्या सासऱ्यांच्या अंगणात शिरला तर किती बरं होईल.

तो शिरला नाही. त्याने कचेरीत अर्ज केला. ते कळलं त्या दिवशी सासऱ्यांनी निकाल दिला: "तुझा बाप आमच्या घराण्याला चोर म्हणतो. तो इथे येऊन पत्र्यापुढे नाक घासेपर्यंत तू माहेरचं नाव काढायचं नाही."

मी म्हटलं, "पहिलं बाळंतपण आहे. आईकडे व्हायला हवं."

"बाळंतपण इथेही होतं. म्हशी कुठे जातात माहेरी?"

माझा सगळा जीव तिथे अडकला होता. घरात बाई नव्हती. शेजार म्हणजे वळणावरचा तो कुंभार. सुईण हरणीतून बोलवावी लागे, आणि मापाचं काम सोडून तिला बोलवायला कोण जाणार होतं? माझ्या आधी याच खोलीत सासूबाईंचं एक बाळंतपण झालं होतं. त्यातच त्या गेल्या, हे सासऱ्यांनी मला स्वतःच सांगितलं होतं, पावसाची गोष्ट सांगावी तसं. रोज खाचेतला कचरा काढताना मी मनात एकच म्हणायचे: सातव्या महिन्यात आईकडे. आईच्या हाताखाली. आई सुईणीच्या वरताण होती. आमच्या आळीतली निम्मी पोरं तिने हातावर घेतलेली. ती एकदा माझ्या उशाशी बसली की मला काही होणार नाही, हे मला सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं. फक्त दोन म्हाताऱ्यांपैकी एकाने मान खाली घालायला हवी होती. इकडे आड तिकडे विहीर, आणि मी दोन्हींच्या मधे पोट घेऊन उभी.

अर्जाचं काम सरकारी चालीने चाललं. ओव्हरसियर एकदा आले, सायकलवरून उतरलेही नाहीत. पट्टीकडे बघितलं, पाणी खुणेला होतं, "बराबर छे" म्हणाले आणि गेले. सासऱ्यांनी आठवडाभर मिशांना तूप लावलं. पण मळेकऱ्यांत एका पटेलाचा जावई कचेरीत होता. मळे अजून वाळतच होते, तेव्हा त्याने वरून ओव्हरसियरला डोस दिला असावा, कारण मला सातवा लागला त्या सुमारास ते परत आले. या वेळी मजूर आणि मळेकरी बरोबर घेऊन. त्यात माझा बापही होता. त्यांनी दार बंद करायला लावलं. पाणी उतरलं आणि खाच उघडी पडली.

ओव्हरसियर वाकून बघतच राहिले. "आ शुं छे?"

"देव आहे," सासरे म्हणाले.

ओव्हरसियर धार्मिक माणूस. त्यांनी आधी जोडे काढले, हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग डोळे उघडून म्हणाले, "काढून टाका. धार दिसली पाहिजे."

बरोबरच्या मजुरांनी मान हलवली. शेंदूर लावलेल्या देवाला हत्यार कोण लावणार? मळेकरी, जे कुंभाराची मडकी इतक्या हौसेने फोडून आले होते, ते आता दोन पावलं मागे सरले. पटेल आकाशाकडे बघू लागला. माझा बाप जमिनीकडे. ओव्हरसियर म्हणाले, "कोणीतरी तर काढायला पाहिजे, भाई. आज निघालं नाही तर मापारी घरी बसेल." मापारी म्हणाले ते, सगळ्यांसमोर. सासऱ्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मग ते वळले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हिच्या बापाने बोंब मारली. हिच्या हाताने निघू दे. पाप लागेल ते त्यांच्या घराला लागेल."

मी बापाकडे पाहिलं. पोटुशी लेक, सातवा महिना, देवाला हत्यार लावायचं म्हणतात. तो आता बोलेल. त्याने कमरेला खोचलेलं खुरपं काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, "सांभाळून उतर. निसरडं आहे."

मी उतरले. गाळात पाय रोवले आणि खरवडायला लागले. शेंदूर वरवर लाल होता, आत काळपट, घट्ट. खपलीखालून खपली निघायची. कण डोळ्यांत जायचे, पोट भिंतीला घासायचं. वर काठावर दहा-बारा पुरुष नुसते बघत उभे होते. सासरे माझ्या डोक्यावरच भिंतीवर बसले होते. थोड्या वेळाने ते रडायला लागले, मोठ्याने, लहान पोरासारखे. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? प्रत्येक खपलीला मला बरं वाटत होतं. पितळेची पहिली चकाकती रेघ दिसली तेव्हा मी मनात म्हटलं, आता संपलं. भांडणाचं मूळच निघालं. आता बाप मला घेऊन जाईल.

दार उघडलं. पाणी त्या खुणेवर आणायला सासऱ्यांना दार कितीतरी जास्त उचलावं लागलं. खाली पाट असा भरून चालला की मळेकरी काठाकाठाने पोरांसारखे त्याच्याबरोबर पळत गेले. माझा बापही गेला. मी खांद्यापर्यंत लाल झालेले हात घेऊन चुलीशी गेले, कारण स्वयंपाक व्हायचा होता. कुंभाराकडे माफी मागायला कोणी गेल्याचं मी ऐकलं नाही.

पुढे काही दिवसांनी बापाची बैलगाडी आमच्या दारात उभी राहिली. गाडी दुरून दिसली तेव्हाच मी बोचकं बांधलं. बांधायला होतं काय, दोन लुगडी आणि एक फणी. केस विंचरले, कुंकू लावलं. बाप गाडीतून उतरला, तो टोपलीमागून टोपली उतरवत. वांगी, कोबी, एक भला थोरला भोपळा. सगळं त्याने सासऱ्यांच्या पायाशी मांडलं आणि हात जोडून म्हणाला, "झालं गेलं विसरा, पागेदार."

पागेदार! याच तोंडाने तो त्यांना कचेरीत काय काय म्हणाला होता ते मला पटेलाच्या बायकोने सांगितलं होतं. पण मला आनंदच झाला. म्हटलं, वाकतोय तो माझ्यासाठी वाकतोय.

सासरे भोपळ्याकडे बघत म्हणाले, "माझा देव गेला."

"चूक झाली."

"उन्हाळा येतोय. दार माझ्याच हातात आहे अजून. खुणेला पाणी ठेवणं माझं काम. सकाळी ठेवायचं का भर दुपारी, ते माझी मर्जी."

"म्हणूनच आलो," बाप म्हणाला.

सासऱ्यांनी मिशीला हात घातला. माझं बोचकं त्यांनी पाहिलं होतं. "देव हिने खरवडला. पहिलं मूल देवाच्या दारातच होईल. ही कुठे जायची नाही. बोला, आहे कबूल?"

बापाने कान खाजवला. तेवढंच. बाजारात भाव पाडून मागितला की तो नेहमी कान खाजवायचा आणि मग देऊन टाकायचा. म्हणाला, "तुमचीच पोर आहे. तुमच्याच घरी होऊ द्या."

मी दारात उभी होते. म्हटलं, "आबा, इथे बाई माणूस नाही."

"सुईण आहे ना हरणीत." मग जरा जवळ येऊन, हळूच: "नवं रोप लावलंय. पाणी तुटलं तर हंगाम जाईल. तुला कळतं ना, शिकलेली आहेस तू."

"आईला काय सांगाल?"

तो बैलांचे कासरे सोडवायला लागला. माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "सांगेन, तुलाच यायचं नव्हतं. नाहीतर ती मला सुखाने जेवू द्यायची नाही."

गाडी गेली. त्या रात्री आमच्याकडे वांग्याची भाजी झाली. सासरे म्हणाले, चव चांगली आहे.

मला मुलगी झाली. सुईण आली ती सगळं होऊन गेल्यावर, कारण सासऱ्यांनी पट्टीपासून हलायचं नाही म्हणून तिला उशिरा निरोप धाडला. मी एकटीने, मोरीच्या दगडाला धरून, आईने दुसऱ्या बायकांना सांगितलेलं जेवढं कानावर पडलं होतं तेवढं आठवत आठवत केलं. दोघी जगलो. सासरे मुलीकडे बघून म्हणाले, "देव खरवडलास, त्याचं हे फळ." नवरा सुट्टीला आला आणि हो म्हणाला.

बारशाला माझा बाप एकटाच आला. मळ्याला पाणी छान होतं. चेहरा भरला होता, बोलण्यात जोर आला होता. दोघे व्याही एका ओट्यावर बसून पान खात होते आणि मापाच्या पट्टीकडे बघून हसत होते. मी पोरीला घेऊन बाहेर आले आणि विचारलं, "आई का नाही आली?"

"रुसली आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "मी किती समजावलं."